निळी झालेली नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या मित्राच्या मुलीचा मायक्रोबायॉलॉजीचा निकाल ज्या नळीवर अवलंबून होता, ती नळी मी माझ्या हाताने ऑटोक्लेव्हमध्ये घातली. ते चुकून झालं नाही. तिचं उत्तर बरोबर आहे आणि माझं चूक, हे कळल्यावर घातली.

ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेतला अवाढव्य प्रेशर कुकर. वापरून झालेल्या सगळ्या नळ्या आणि जंतू वाढवायच्या थाळ्या शेवटी त्यात जातात. त्यातून बाहेर आलेल्या नळीत काय वाढत होतं, हे मग जगात कुणालाही शोधता येत नाही.

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका कम्युनिटी कॉलेजात पहिल्या पायरीचं मायक्रोबायॉलॉजी शिकवतो. वर्गात बसणाऱ्यांना शास्त्रज्ञ व्हायचं नसतं. बहुतेकांना नर्स व्हायचं असतं. कुणी दिवसभर वेट्रेसचं काम करून येतं, कुणी मूल आईकडे ठेवून. नर्सिंगच्या जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे या विषयात बी ग्रेड नसेल तर अर्ज बाजूला पडतो. हे त्यांना माहीत असतं आणि मलाही.

मित्र माझा नागपूरचा. कॉलेजात आम्ही एकाच बाकावर होतो. पुढे तो कॉम्प्युटरकडे वळला, इकडे आला, श्रूजबरीत घर घेतलं. मी जंतूंना धरून बसलो. पीएचडी झाली, मग या लॅबमधून त्या लॅबमध्ये. एका लॅबची ग्रँट संपली तेव्हा बायकोमुलाला भारतात पाठवून मी मित्राच्या बेसमेंटमध्ये राहिलो. वहिनी रोज वरून हाक मारायच्या, "भाऊजी, जेवायला या." त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. आणि तरीही, आज खरं लिहायलाच बसलोय म्हणून लिहितो, मला त्या घराचा राग यायचा. त्यांच्या चांगुलपणाचाच यायचा.

मित्र मला जंतुमास्तर म्हणतो. पार्टीत कुणी खाली पडलेली भजी उचलून ताटात ठेवली की ओरडतो, "अरे थांबा, आधी जंतुमास्तरांची परवानगी घ्या!" सगळे हसतात, मीही हसतो.

त्याच्या मुलीने युनिव्हर्सिटीत एक वर्ष कॉम्प्युटर सायन्स केलं आणि सोडून दिलं. नर्सिंग करणार म्हणाली. घरात बरेच दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. शेवटी बापलेकीत करार झाला. तिने कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या आधीचे विषय करायचे. चांगले मार्क मिळाले आणि जागा मिळाली तर बाबा पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. नाही मिळाली तर हा विषय बंद.

"मायक्रोला कुणाचा सेक्शन घेऊ?" तिने जेवताना विचारलं.

"कुणाचा म्हणजे?" मित्र म्हणाला. "घरचा मास्तर असताना बाहेरचा कशाला? ए मास्तर, तुझ्या हातात देतोय बरं का. हिला खरंच जमतं की नुसतं डोक्यात वारं आहे, ते तूच सांग मला."

तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं. निदान विभागप्रमुख बाईंच्या कानावर घालायला हवं होतं, की ही मुलगी मला घरची आहे. घातलं नाही. मी तेव्हा दोन कॉलेजांत तुकड्यातुकड्याने शिकवत होतो आणि इथली कायमची जागा मोकळी होणार अशी कुजबुज होती. उगाच प्रश्न कशाला उपस्थित करा?

पहिल्या दिवशी तिला कॉरिडॉरमध्ये बजावलं, "इथे काका नाही. प्रोफेसर."

"ओके, प्रोफेसर काका."

"नुसतं प्रोफेसर."

"ओके, नुसतं प्रोफेसर," ती म्हणाली आणि हसत आत पळाली.

पोरगी हाताने नेटकी होती. बर्नरच्या ज्योतीत जंतू उचलायच्या लूपची तार लाल करायची, निवू द्यायची, मग जंतूंच्या वसाहतीला टेकवायची. यात बाकीच्यांचं अर्धं सत्र जातं, कुणी तापलेलीच तार टेकवून जंतू जाळतं, कुणी तार तापवायलाच विसरतं. हिला दुसऱ्या आठवड्यात जमलं. विरजणाच्या डब्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन रंगवायला दिला होता, तर म्हणाली, "आई रोज हेच करते, फक्त स्टेन नाही करत." वर्ग तिच्यावर खूश होता. शेजारच्या बाकावरची एक पोक्त बाई, दोन नातवंडांची आजी, तिला स्वतःच्या थाळ्या दाखवायला आणायची.

या विषयात सत्राच्या शेवटी 'अननोन' असतो. प्रत्येकाला एक नळी मिळते, आत एक अनोळखी जंतू. नाव फक्त शिकवणाऱ्याला माहीत. विद्यार्थ्याने एकेक चाचणी करत तो कोण आहे ते शोधायचं. सगळ्या सत्राची परीक्षाच ती. मार्कांचा मोठा वाटा त्यावर असतो, आणि नाव चुकलं तर पुष्कळ जातात.

त्या नळ्या मी भरतो. त्या वेळी आमची लॅब सांभाळणारी मुलगी रजेवर होती आणि मला दुपारी दुसऱ्या कॉलेजात पोचायचं होतं. वर्गात मी पहिल्याच आठवड्यात घोकून घेतो, की आधी नळीवर नाव लिहायचं आणि मगच जंतू टाकायचा. त्या दिवशी मी स्वतः ते केलं नाही. रॅकमध्ये रिकाम्या नळ्या ओळीने लावल्या, अमुक ओळीपर्यंत ई-कोलाय, पुढे एंटरोबॅक्टर असं मनाशी धरलं, सगळ्या भरल्या आणि लेबलं शेवटी ओळीवरून चिकटवली. दोन ओळींच्या सांध्यावर माझा हात एका नळीने चुकला. ई-कोलायची म्हणून जी शेवटची नळी होती, तिच्यात एंटरोबॅक्टर गेला होता. ती नळी तिला मिळाली.

दोघे दिसायला जुळ्या भावांसारखे. त्यांना वेगळं करणारी एक सोपी चाचणी आहे. सायट्रेट नावाचं हिरवं माध्यम नळीत तिरकं गोठवलेलं असतं. ई-कोलाय त्यावर जगत नाही, माध्यम हिरवंच राहतं. एंटरोबॅक्टर वाढतो आणि हिरव्याचं गडद निळं होतं. शाळेतल्या मुलालाही कळेल इतका फरक.

तिची नळी निळी झाली. तिने एंटरोबॅक्टर लिहिलं. मी माझ्याकडचं उत्तर पाहिलं, ई-कोलाय, आणि काट मारली. इथवर निव्वळ चूक होती. अशा चुका प्रत्येक लॅबमध्ये होतात आणि दुरुस्तही होतात.

ती ऑफिसात आली ती फोनवर फोटो काढूनच.

"हे बघा. सायट्रेट. इज धिस ग्रीन? काका, सॉरी, प्रोफेसर, मला खरं सांगा, हे ग्रीन आहे?"

"निळं आहे."

"मग ई-कोलाय कसं असेल?"

"तुझ्या नळीत दुसरं काहीतरी शिरलं असेल. लूप नीट तापवली नसशील."

"मी दोनदा केलं."

"दोनदा केलंस म्हणजे तीच घाण दोनदा गेली."

हे मी का बोललो? ती माझ्या मित्राच्या आवाजात बोलत होती, तशीच हट्टी, तशीच स्वतःबद्दल खात्री असलेली. मला दुसऱ्या कॉलेजात जायला उशीर होत होता. आणि घरच्याच मुलीचे मार्क वाढवले असं कुणी म्हणू नये, हेही डोक्यात होतं. तेव्हा त्याला मी तत्त्व समजत होतो.

तिचा चेहरा पडला, पण ती उठली नाही. "ओके. मग ओरिजिनल ट्यूब असेल ना फ्रिजमध्ये? तुम्ही स्वतः प्लेटवर स्ट्रीक करा. इफ इट्स ई-कोलाय, आय विल शट अप. प्रॉमिस."

"त्या गेल्या ऑटोक्लेव्हला."

"सगळ्या?"

"सगळ्या."

सगळ्या नळ्या फ्रिजमध्ये होत्या, आमच्या मागच्या भिंतीपलीकडे. त्या क्षणी खोटं बोलायची गरजही नव्हती, कारण मला वाटत होतं की मीच बरोबर आहे. फक्त विषय संपवायचा होता. पुढचं सगळं या एका फालतू खोट्याच्या पोटातून निघालं.

तिने मला विचारलं नाही, की मार्क लागतात न लागतात तोच मूळ नळ्या एवढ्या लवकर कशा टाकल्या. तिला तो प्रश्न सुचला नसेल असं नाही. मी काका होतो म्हणून विचारला नसेल.

शनिवारी कॉलेज ओस असतं. दोनदा निळं आलं हे डोक्यातून जात नव्हतं, म्हणून मी गेलो, तिची नळी काढली, एका थाळीवर रेघा ओढल्या, एक सायट्रेट लावलं. ई-कोलाय असता तर त्या थाळीवर भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी चकाकी आली असती. सोमवारी उघडून पाहिलं तर गुलाबी, बुळबुळीत वसाहती. सगळ्या एकसारख्या. म्हणजे भेसळ नव्हतीच, नळीत पहिल्यापासून एकच जंतू होता आणि तो तिने ओळखला होता. सायट्रेट तिच्या फोटोतल्यापेक्षाही निळं होतं.

मला आधी काय वाटलं असेल? लाज नाही वाटली. भीती वाटली. आता मार्क बदलायचे तर कारण द्यावं लागणार. बाई विचारणार, नळ्या टाकल्या असं तू तिला का सांगितलंस? आणि ही मुलगी तुझी कोण? आणि हे आधी का नाही बोललास? कायमच्या जागेची मुलाखत तोंडावर आली होती. मी तिची नळी, माझी थाळी, माझं सायट्रेट एका पिशवीत घातलं, पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली आणि दार फिरवून घट्ट केलं. काम होईपर्यंत तिथेच उभा होतो. शुक्रवारी बोललेलं खोटं मी सोमवारी खरं करून टाकलं.

दोन दिवसांनी बाईंनी मला बोलावलं. तिने त्यांना मेल केली होती, फोटो जोडून. तक्रारीचा सूर नव्हता, एवढंच विचारलं होतं की उत्तर तपासून पाहता येईल का. बाईंनी साधेपणाने विचारलं, "तुमच्या बाजूने सगळं नीट आहे ना?" मी म्हटलं, आहे. त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय होती.

बाहेर आलो तो संतापून. मला डावलून वर गेली! जिला मी मांडीवर खेळवलं, ती माझ्या वरिष्ठांकडे गेली. घात केला पोरीने. हे मी मनात म्हणत होतो, आणि ती खरं बोलतेय हे मला त्याच वेळी माहीत होतं. दोन्ही गोष्टी एका डोक्यात आरामात राहतात. गाडीत बसून मी मित्राला फोन लावला.

"तुझ्या मुलीने माझ्याविरुद्ध लिहिलंय वर."

तो म्हणाला, "यार, माफ कर. तू रविवारी जेवायला ये. बघतो मी."

वहिनींनी माझ्यासाठी पाटवडी रस्सा केला होता. मुलगी उशिरा खाली आली आणि ताटावर बसली. मित्राने वाढून घेतलं नव्हतं.

"बोल," तो तिला म्हणाला.

"बाबा, आय वॉज नॉट राँग."

"काकांनी उभं आयुष्य घातलंय यात. तू शिकलीस एक सेमिस्टर. काका खोटं बोलतात असं म्हणायचंय तुला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं की आता मी काहीतरी म्हणेन. 'असू दे रे, विचारलं तर काय झालं,' एवढं तरी. लहानपणी बाप रागावला की ती माझ्या मागे येऊन लपायची, तेव्हा मी बोलायचोच.

मी रश्श्यात पाटवडी बुडवली.

"मी असं नाही म्हणाले," ती बापाला म्हणाली. "मी फक्त चेक करा म्हटलं."

"घरच्या माणसावर चेक लावतेस?"

"अगं, सॉरी म्हण आणि संपव ना," वहिनी मध्ये पडल्या. "अन्न निवतंय. भाऊजी, अजून घ्या."

"सॉरी, काका."

"जाऊ दे गं," मी म्हटलं. "होतं असं."

आणि मी अजून घेतलं. याहून वाईट एक गोष्ट सांगायची आहे. तो तिच्यावर ओरडत होता तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. इतकी वर्षं त्या घरात मी खालच्या मजल्यावरचा माणूस होतो. त्या दिवशी मित्राने पोटच्या मुलीपेक्षा माझा शब्द वर धरला होता.

त्याच संध्याकाळी बापाने समोर बसवून तिला मेल लिहायला लावली, की गैरसमज झाला होता, विषय मिटला. तिला सी प्लस मिळाला. नर्सिंगचा अर्ज बाजूला पडला. विषय पुन्हा घेता येतो, मीच तिला सांगितलं, मोठ्या मनाने सांगावं तसं. ती म्हणाली, "परत घेऊन काय करू? मी कुठे चुकले तेच मला कळत नाहीये. चूक कळली असती तर फिक्स केली असती." माझ्याकडे यावर उत्तर होतं.

मला कायमची जागा मिळाली. मित्राने पेढे वाटले.

ती आता वूस्टरमध्ये दातांच्या विम्याच्या ऑफिसात फोनवर बसते. मित्र अधूनमधून म्हणतो, "बरं झालं, तुझ्यामुळे वेळेत कळलं. माणसांच्या जिवाशी खेळ, तिथे असला निष्काळजीपणा कसा चालला असता?" तिच्यादेखतही म्हणतो. ती उठून पाणी आणायला जाते. माझ्याशी नीट बोलते, चहा देते. काका म्हणायचं मात्र बंद झालंय. काहीच म्हणत नाही, थेट बोलायला सुरुवात करते.

हे सगळं मी असंच पुरून ठेवलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात वहिनींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि मी भेटायला गेलो. मित्र खाली गाडी लावत होता. खोलीत ती आईपाशी बसलेली. वहिनी गुंगीत होत्या. मी टेकतोय तोच नर्स आली, सलाइनचा हात पाहिला आणि लगबगीने सुई काढली. शिरेतून सुई सरकली होती आणि पाणी कातडीखाली जात होतं. हात कोपरापर्यंत सुजला होता. काही विशेष नाही, उतरेल, असं म्हणून नर्सने दुसऱ्या हाताला सुई लावली, आणि दोन दिवसांत सूज उतरलीही.

नर्स गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मला दिसलं होतं."

"काय?"

"हात. दोन्ही हात एकमेकांशेजारी ठेवून बघितले मी. हा मोठा दिसत होता, गारही लागत होता. आय सॉ इट, मघाशीच."

"मग बोलावलं का नाहीस कुणाला?"

तिने खांदे उडवले. "मला वाटलं, मीच चुकीचं बघत असेन. मला तसं होतं."

तिच्या आवाजात रोख नव्हता, टोमणा नव्हता. उंची सांगावी, चष्म्याचा नंबर सांगावा, तसं तिने ते स्वतःबद्दल सांगितलं. ती इतकी वर्षं याच समजुतीवर जगत होती, की आपले डोळे आपल्याला दगा देतात. डोळे तिचे चोख होते. दगा तिला माणसांनी दिला होता, एकाने जाणूनबुजून आणि दुसऱ्याने पहिल्यावर विश्वास ठेवून.

तेव्हा बोलता आलं असतं. वहिनी झोपल्या होत्या, मित्र अजून वर आला नव्हता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा आणू का तुला?"

"नको," ती म्हणाली. "थँक्स."

मग मित्र आला, आणि आम्ही पार्किंगबद्दल बोलत बसलो.

लिहून काढलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. वाचणाऱ्यांना ती कोण हे ठाऊक नाही आणि तिला मराठी वाचता येत नाही. म्हणून इथे नुसतं नोंदवतो की माझ्याकडून काय देणं बाकी आहे. त्या मुलीला, तिच्या बापाच्या समोर, तिला कळेल अशा भाषेत मला सांगायचं आहे, की तुझं उत्तर बरोबर होतं, नळी मी चुकीची भरली होती, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं. त्यानंतर बाईंकडे जाऊन तिची ग्रेड दुरुस्त करून घ्यायची आहे, माझ्या जागेचं जे होईल ते होवो. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.